वाचक विचारतात : गुठळी करणाऱ्या अँटिबॉडी

गेल्या अंकात वारंवार होणाऱ्या गर्भपातावरच्या लेखात ‘एपीएलए’ तपासणीचा एका ओळीत उल्लेख होता. त्या ओळीवरून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एपीएलए म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडी. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच पेशींच्या आवरणाला चिकटलेल्या प्रथिनांविरुद्ध ज्या अँटिबॉडी तयार करते, त्या या. त्यांच्यामुळे शिरांमध्ये, धमन्यांमध्ये किंवा वारेत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. या आजाराचं पूर्ण नाव अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम.

प्रश्न : वय २९. पाच आठवड्यांपूर्वी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, पहिलाच. त्यानंतर केलेल्या रक्ततपासणीत ‘अँटीकार्डिओलिपिन आयजीएम १८’ आलं. लॅबच्या कागदावर १२ पर्यंत नॉर्मल लिहिलंय. ‘रक्त घट्ट आहे, पुढच्या वेळी नऊ महिने पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील’ असं सांगितलं गेलं. घरात सगळे घाबरलेत. — एक वाचक, नाशिक

तुमच्या हातातल्या कागदावरून तुम्हाला हा आजार आहे असं म्हणता येत नाही. ताई, हे वाक्य घरच्यांना वाचून दाखवा.

अँटीकार्डिओलिपिन ही या अँटिबॉडींपैकी एक. १८ हा आकडा लॅबच्या मर्यादेपेक्षा थोडा वर आहे, एवढंच. या आजारात ज्याला मध्यम प्रमाण म्हणतात ते ४० युनिटपासून सुरू होतं आणि जास्त प्रमाण ८० पासून. शिवाय अँटिबॉडीच्या आयजीएम प्रकारापेक्षा आयजीजी प्रकाराला कितीतरी जास्त वजन आहे. साधा ताप, विषाणूचा संसर्ग, काही औषधं एवढ्यानंही आयजीएम थोडं वाढतं आणि काही आठवड्यांनी आपोआप उतरतं. धडधाकट माणसांतही शंभरातल्या एक ते पाच जणांत अशी कमी प्रमाणातली अँटिबॉडी सापडते. म्हणून नियम असा, की तपासणी पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी तीच पुन्हा करायची. दोन्ही वेळा आली तरच ती टिकाऊ धरायची.

दुसरी बाजू गर्भपाताची. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात आणि त्यात आईच्या रक्ताचा काही संबंध नसतो. दहाव्या आठवड्याआधी लागोपाठ तीन गर्भपात, किंवा दहाव्या आठवड्यानंतर व्यवस्थित वाढलेला गर्भ दगावणं, किंवा तीव्र रक्तदाबामुळे अथवा वार नीट काम न केल्यामुळे ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणं, यांपैकी काही घडलं असेल तर या अँटिबॉडींचा विचार गांभीर्याने होतो. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

करायचं ते इतकंच. तपासणीच्या तारखेपासून १२ आठवडे मोजा. त्याच लॅबमध्ये पुन्हा जा, कारण किट बदललं की आकडेही बदलतात. या वेळी तिन्ही तपासण्या एकत्र करा : ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन (आयजीजी आणि आयजीएम), आणि अँटी बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ (आयजीजी आणि आयजीएम). एकट्या अँटीकार्डिओलिपिनवर कुठलाच निर्णय घेऊ नये. तिन्ही निगेटिव्ह आल्या, किंवा पुन्हा तेच १५-२० आलं, तर एवढ्या कारणासाठी हेपॅरिनची (गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं घेण्यात अर्थ नाही. अँटिबॉडी नसलेल्या स्त्रीला हेपॅरिन दिल्याने गर्भ टिकण्याची शक्यता वाढत नाही. पोटावरचे काळेनिळे डाग आणि खर्च मात्र वाढतो. ‘रक्त घट्ट आहे’ हा शब्दप्रयोग तर सोडूनच द्यावा असं आम्हाला कळकळीने वाटतं. या अँटिबॉडींनी रक्त दाट होत नाही, आणि त्या शब्दामुळे बाईवर उगाच ठपका येतो.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय ४१) डाव्या पायात गुठळी झाली आणि ती फुफ्फुसात गेली. आता बरा आहे. रिपोर्टमध्ये ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट प्रेझेंट’ असं आहे आणि एपीटीटी वाढलेला आहे. नातेवाईकांतले एक जण म्हणतात, एपीटीटी वाढलेला म्हणजे रक्त गोठायला उशीर लागतो, मग त्याला रक्त पातळ करायची गोळी कशाला? आणि त्याला ल्युपस तर नाहीच. — एक वाचक, सांगली

तुमच्या नातेवाइकांचा तर्क चुकीचा नाही. नाव ठेवणाऱ्यांनीच घोटाळा करून ठेवला आहे. ही अँटिबॉडी १९५०च्या दशकात ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या) रुग्णांत प्रथम दिसली आणि परीक्षानळीत तिने रक्त गोठायला उशीर लावला, म्हणून हे नाव पडलं. प्रत्यक्षात ती असणाऱ्या अनेकांना ल्युपस नसतो, आणि शरीरात ती गुठळ्या व्हायलाच मदत करते.

असं उलटं का होतं, ते तपासणी कशी करतात यावरून कळतं. या तपासणीत घोणस सापाचं विष वापरतात. घोणस चावल्यावर रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते हे आपल्याकडे शेतावर काम करणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. त्या विषातला घटक रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर १०’ या प्रथिनाला थेट चालना देतो. नळीत रुग्णाचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव भाग), पातळ केलेलं विष, कॅल्शियम आणि मोजकंच फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ) घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. गोठण्याची क्रिया फॉस्फोलिपिडच्या पृष्ठभागावर होते. अँटिबॉडी असेल तर ती ही मोजकी जागा अडवून बसते, म्हणून वेळ लांबतो. मग निरोगी माणसाचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून पाहतात. एखादा घटक नुसता कमी असता तर वेळ सुधारला असता. अँटिबॉडी असली की तो सुधारत नाही. शेवटी फॉस्फोलिपिड भरपूर घालतात. आता जागेची टंचाई संपते, वेळ कमी होतो आणि निदान पक्कं होतं.

शरीरात फॉस्फोलिपिडची अशी टंचाई नसते. तिथे या अँटिबॉडी बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या प्रथिनाला धरून रक्तवाहिन्यांच्या अस्तराला, प्लेटलेटना आणि पांढऱ्या पेशींना चिथावतात. या पेशी गुठळी सुरू करणारे पदार्थ बाहेर टाकतात. तरीही अँटिबॉडी असलेल्या प्रत्येकाला रोज गुठळी होत नाही. बहुतेक वेळा वरून आणखी काहीतरी लागतं : ऑपरेशन, प्लॅस्टरमध्ये पडलेला पाय, मोठा संसर्ग, बाळंतपण, धूम्रपान, इस्ट्रोजेनच्या गोळ्या.

म्हणून भावाची गोळी चालूच राहायला हवी. कारण न सापडता झालेली शिरेतली गुठळी आणि १२ आठवड्यांनंतरही टिकलेली अँटिबॉडी, असं असेल तर औषध साधारण कायमचं असतं आणि आयएनआर (या गोळीने रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवतात. धमनीतली गुठळी, म्हणजे पक्षाघात वगैरे, झाली असेल तर काही डॉक्टर ३ ते ४ ठेवतात किंवा २ ते ३ ठेवून सोबत ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत.

एक गोष्ट मात्र जरूर तपासून घ्या. रक्त कधी काढलं? गुठळी ताजी असताना, हेपॅरिन चालू असताना किंवा रिव्हारोक्सॅबॅनसारखी गोळी पोटात असताना काढलेल्या रक्तात ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीनेही गोंधळ होतो. नमुना निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत खुणेपर्यंत भरलेला हवा, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. नळी अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं आणि वेळ उगाच लांबलेला दिसतो. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करून त्यातल्या प्लेटलेट जवळपास पूर्ण काढाव्या लागतात, कारण उरलेल्या प्लेटलेट फॉस्फोलिपिड पुरवतात आणि अँटिबॉडी झाकली जाते. गल्लीतल्या संकलन केंद्रावर सकाळी घेतलेलं रक्त प्लाझ्मा वेगळा न करता संध्याकाळी दुसऱ्या शहरात पोचत असेल तर त्या रिपोर्टवर आम्ही विसंबणार नाही. जिथे नमुना काढतात तिथेच चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा होतो अशी लॅब निवडा. आणि लॅबच्या फॉर्मवर चालू औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लिहायला लावा.

प्रश्न : तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह, दोनदा. आयएनआरसाठी सारखं रक्त द्यायचा कंटाळा आलाय. आयएनआर लागत नाही, पथ्यही नाही अशा नव्या गोळ्या आहेत. बदलून घेऊ का? — एक वाचक, पुणे

नका. तिन्ही पॉझिटिव्ह असणं हा या आजारातला सर्वात धोक्याचा गट, आणि नेमक्या याच गटावर इटलीत चाचणी झाली. ट्रॅप्स नावाची ही चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. १२० रुग्णांपैकी काहींना रिव्हारोक्सॅबॅन ही नवी गोळी, काहींना वॉर्फरिन दिलं. रिव्हारोक्सॅबॅनच्या गटात ७ जणांना पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला, वॉर्फरिनच्या गटात एकालाही नाही. चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी या जातीच्या सगळ्याच गोळ्यांबाबत, विशेषतः तिन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांसाठी, इशारा दिला. ज्यांना धमनीत गुठळी झाली आहे त्यांनीही या गोळ्यांपासून लांब राहावं.

कंटाळा येणं साहजिक आहे. आयएनआर स्थिरावला की तपासणी बहुधा चार आठवड्यांतून एकदा पुरते. तो स्थिरावत नसेल तर कारण शोधता येतं. पुढचं उत्तर त्यासाठीच.

प्रश्न : सासऱ्यांचा आयएनआर कधी १.४, कधी ४.८. गोळी रोज वेळेवर देते. पालेभाजी पूर्ण बंद केली आहे. घरी बोटातून रक्त घेऊन तपासायचं मशीन आणलं, त्यावर आणखी वेगळंच येतं. — एक वाचक, कोल्हापूर

पालेभाजी बंद करणं हीच बहुधा पहिली चूक आहे. वॉर्फरिन आणि अ‍ॅसेनोकुमारॉल ही औषधं ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतात. शरीरातला ‘के’चा साठाच आटवून ठेवला, की एखाद्या दिवशी लग्नातलं अळूचं फदफदं किंवा मेथीची भाजी पोटात जाते आणि आयएनआर धाडकन खाली येतो. रोज थोडी पालेभाजी खाणाऱ्याचा आयएनआर उलट जास्त स्थिर राहतो. पालक, मेथी, अळू, माठ, शेपू, चाकवत यांपैकी एक, आठवड्यातले तीन-चार दिवस, दर वेळी साधारण एक वाटी असं ठरवून टाका. पोह्यांवरची कोथिंबीर मोजत बसू नका. श्रावणात पालेभाज्या वाढतात आणि उपवासात जेवणच कमी होतं, त्यामुळे त्या महिन्यात तपासणी दोन आठवड्यांनी करा. दुधी, दोडका, बटाटा, भेंडी, डाळी, भाकरी यांची काळजी नको.

मग औषधांकडे पाहा. जुलाबासाठी घेतलेलं मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या संसर्गासाठीचं को-ट्रायमोक्साझोल, बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल ही तिन्ही आयएनआर चढवतात. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन तो इतका उतरवतं की डोस दुप्पट करूनही कधीकधी पुरत नाही. असं कुठलंही औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर करा, आणि औषध संपल्यावर पुन्हा एकदा करा. ते संपल्यावरची तपासणी बहुतेक जण विसरतात. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मेडिकलमधून आणू नका. त्याने पोटात रक्तस्राव होतो आणि आयएनआरमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. हळदीच्या कॅप्सूल, लसणाचा अर्क, काढे यांचंही तेच. भाजीतल्या फोडणीची हळद चालते, कॅप्सूल चालत नाही.

गोळीचं नावही पाहा. वॉर्फरिन आणि अ‍ॅसेनोकुमारॉल ही वेगळी औषधं आहेत. अ‍ॅसेनोकुमारॉल साधारण निम्म्या मात्रेत लागतं आणि शरीरातून लवकर निघून जातं. दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून एकाच्या जागी दुसरं दिलं तर १.४ किंवा ४.८ यायला वेळ लागत नाही. दर वेळी पाकिटावरचं रासायनिक नाव वाचा. गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम देऊ नका. डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला वॉर्फरिनला पाच ते सात दिवस लागतात, म्हणून एका आकड्यावरून रोज डोस हलवला की झोका थांबतच नाही.

मशीनबद्दल. ल्युपस अँटिकोॲग्युलंट असलेल्यांत बोटातल्या रक्तावर चालणारी यंत्रं आयएनआर खोटा जास्त दाखवू शकतात. म्हणजे मशीनवर ३.५ आणि खरं २.१ असं होतं, डोस कमी केला जातो आणि गुठळी होते. एकाच दिवशी, एकाच वेळी मशीन आणि शिरेतलं रक्त अशी तुलना तीन-चार वेळा करा. फरक ०.५ पेक्षा जास्त येत असेल तर मशीन बाजूला ठेवा. लॅबचा आकडाही संशयास्पद वाटला तर क्रोमोजेनिक फॅक्टर १० ही तपासणी मोठ्या शहरातल्या रक्तविकारतज्ज्ञांमार्फत करता येते. तिच्यावर अँटिबॉडीचा परिणाम होत नाही. २० ते ४० टक्के आलं तर ते साधारण आयएनआर २ ते ३ च्या बरोबरीचं.

प्रश्न : २२व्या आठवड्यात बाळ पोटातच गेलं, वाढ खुंटली होती. ल्युपस अँटिकोॲग्युलंट आणि अँटीकार्डिओलिपिन आयजीजी दोन्ही पॉझिटिव्ह, तीन महिन्यांनी पुन्हा तसंच. मला स्वतःला कधी गुठळी झालेली नाही. आता पुन्हा विचार करतोय. — एक वाचक, रत्नागिरी

तुमचं दुःख मोठं आहे, आणि तुमच्या बाबतीत उपचाराचा खरोखर उपयोग आहे. अशा स्त्रियांत योग्य उपचाराने दहापैकी सात-आठ गर्भारपणं बाळ हातात येण्यापर्यंत जातात.

गर्भ राहण्याआधीपासून ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, रोज, जेवणानंतर. पाळी चुकून तपासणी पॉझिटिव्ह आली की लगेच एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. वजन खूप कमी किंवा खूप जास्त असेल तर मात्रा बदलते. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत पोचत नाही. (ज्यांना आधी गुठळी होऊन वॉर्फरिन चालू आहे त्यांनी सहावा आठवडा लागण्याआधी ते बदलून पूर्ण मात्रेच्या हेपॅरिनवर यायला हवं, कारण सहा ते बारा आठवड्यांत वॉर्फरिन गर्भाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीला बाधा करतं.)

इंजेक्शन स्वतः घेता येतं. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटाची चरबी चिमटीत धरा, सुई सरळ नव्वद अंशात घाला, औषध सावकाश सोडा, सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडू नका. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा बाहेर काढू नका. तो काढताना औषधही जातं. नंतर चोळू नका, चोळल्यानेच मोठे डाग पडतात. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. डबा २५ अंशांखाली ठेवायचा, पण फ्रीजरमध्ये कधीही नाही. सोबत कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व घ्या, कारण हेपॅरिन महिनोन् महिने घेतल्याने हाडं विरळ होऊ शकतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र गिळू नका. प्लेटलेट सुरुवातीला आणि पुन्हा दीड-दोन आठवड्यांनी तपासा.

विसाव्या आठवड्यानंतर बाळाची वाढ आणि डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) नियमित, रक्तदाब दर भेटीला. रत्नागिरीतून मोठ्या रुग्णालयाला पोचायला किती तास लागतात याचा हिशेब आताच करा, शेवटचे सहा आठवडे कुठे राहायचं तेही ठरवा. कळा सुरू झाल्यासारखं वाटलं तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका, आधी दवाखाना गाठा. या मात्रेनंतर पाठीत भूल द्यायला किमान १२ तास जावे लागतात. आणि बाळ झालं की उपचार संपला असं नाही. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने सर्वात वाईट. तेवढे दिवस इंजेक्शन चालू हवं, अंगावर पाजत असलात तरी चालतं. बाळंतिणीने महिनाभर खाटेवरच राहावं हा आग्रह तुमच्या बाबतीत मोडून काढा. घरातल्या घरात रोज चालायचं.

प्रश्न : मला ही अँटिबॉडी आहे, गुठळी झालेली नाही. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली तर चालेल का? — एक वाचक, ठाणे

नाही. त्या गोळीत नोरेथिस्टेरोन असतं, दिवसातून तीनदा ५ मिलिग्रॅम. या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गर्भनिरोधक गोळीइतकाच धोका तयार होतो. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्याही तुम्हाला वर्ज्य, कॉपर-टी चालते. ही पाळीची गोळी मेडिकलमध्ये मागितली की मिळते, डॉक्टरपर्यंत प्रश्न जातच नाही, म्हणून घरातल्या बायकांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही ती घेणार नाही. पूजा जाऊबाईंच्या हातूनही होते.

प्रश्न : नवऱ्याला हा आजार आहे, वॉर्फरिन चालू आहे. प्लेटलेट एरवीही ८०-९० हजारच असतात. पावसाळ्यात डेंगी झाला तर काय करायचं? — एक वाचक, नागपूर

८०-९० हजार हा या आजाराचाच भाग असू शकतो, आणि प्लेटलेट कमी आहेत म्हणून गुठळी होणार नाही असं मुळीच नाही. पण त्यांचा नेहमीचा आकडा कागदावर लिहून पाकिटात ठेवा, नाहीतर तापात नवीन डॉक्टर ८५ हजार पाहून गोळी बंद करतील.

ताप आला की पहिल्याच दिवशी आयएनआर आणि रक्ताची पूर्ण तपासणी. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. तेही सलग काही दिवस भरपूर घेतलं की आयएनआर चढतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा बघा. डेंगी निघाला तर रोज प्लेटलेट. ५० हजारांच्या आसपास आल्या तर घरी थांबू नका. दाखल करून वॉर्फरिनच्या जागी लवकर उतरणारं हेपॅरिन द्यायचं की काही दिवस सगळंच थांबवायचं, ते तिथे ठरतं. ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, की गोळी कोणत्या तारखेला सुरू करायची हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. संसर्ग आणि बंद पडलेली गोळी ही जोडी या आजारात सर्वात धोक्याची. क्वचित काही जणांत अशाच वेळी आठवडाभरात मूत्रपिंड, फुफ्फुस, मेंदू अशा अनेक अवयवांत एकदम बारीक गुठळ्या होतात. लघवी कमी होणं, धाप, बोलण्यात गोंधळ, बोटं काळी पडणं यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि आजाराचं पूर्ण नाव सांगा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं यातही तेच. लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा आणि वॉर्फरिन चालू असल्याचं दारातच सांगा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते द्यायचं की नाही हे त्या क्षणीच्या आयएनआरवर ठरतं.

प्रश्न : मला हा आजार आहे. मुलगी १७ वर्षांची, धडधाकट आहे. तिची तपासणी करू का? — एक वाचक, बेळगाव

गरज नाही. हा आजार आईकडून मुलीकडे सरळ येत नाही, आणि तिला काही त्रास नसताना कमी प्रमाणातली अँटिबॉडी सापडली तर कागदावरची ती एक ओळ तिच्या लग्नापर्यंत पुरेल. पुढे कधी तिला गुठळी झाली किंवा गर्भारपणात काही बिघडलं, तर त्या डॉक्टरांना आईचा आजार पहिल्याच भेटीत सांगा.